ऐकून झिजलेला आवाज

नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर खेमचंदचं कॅसेटचं दुकान होतं, तेव्हा तिथं गाण्याचं नाव विचारायची पद्धत नव्हती. नाव विचारलं की गिऱ्हाईक गोंधळतं, डोकं खाजवतं, "ते नाही का, ते आपलं," असं म्हणत भर दुकानात सूर लावतं आणि अख्खा स्टँड हसतो, हे त्यानं धंद्याच्या पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. म्हणून तो एवढंच विचारायचा, "मन कसंय आज?"

आणि लोक सांगायचे. नवल म्हणजे खरं सांगायचे. टेम्पोवाला म्हणायचा, "नाशिकला टमाटे घेऊन चाललोय शेठ, झोप न्हाई आली पाहिजे." नवा नवरदेव कान लाल करून नुसताच उभा राहायचा, त्याला बोलायची गरजच नसायची. पोरगी सासरी धाडून आलेला एखादा बाप म्हणायचा, "काय बी द्या, पर लई रडकं नको." खेमचंद मागं वळायचा आणि त्याचा हात बरोबर हव्या त्या कप्प्यात जायचा, कारण त्याच्या कॅसेटी सिनेमाप्रमाणं लावलेल्या नव्हत्या, मनाप्रमाणं लावलेल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर रंगीत टिकली. लाल म्हणजे वरात, पिवळी म्हणजे कामाचा झपाटा, हिरवी म्हणजे प्रवास आणि निळी म्हणजे मन भरून आलेलं. टिकल्या साध्या कपाळाला लावायच्याच, पाकिटानं आणलेल्या. बिनलग्नाचा माणूस महिन्याला चार पाकिटं टिकल्या नेतो म्हणून बाजारपेठेत बरेच दिवस खमंग चर्चा चालली होती.

त्याची आणखी एक खोड होती. कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो पेन घालून फीत फिरवायचा आणि बरोबर गाण्याच्या तोंडाशी आणून ठेवायचा. "बटण दाबलं की दोन श्वासांत गाणं लागलं पाहिजे," तो म्हणायचा. "शोधत बसलात तर तोवर मन निघून जातं." या खोडीपायी जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन्ही तालुक्यांतून लोक कोऱ्या कॅसेटी घेऊन त्याच्याकडे भरून घ्यायला यायचे.

खेमचंद एकटा होता. हे आडून आडून सांगण्यापेक्षा सरळ सांगून टाकलेलं बरं. त्याचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं, तिसऱ्यांदा कुणी विषय काढला नाही. भावाच्या घरात माडीवरची एक खोली त्याची. खाली भाऊ, पानबाई वहिनी, पुतण्या पीयूष, सणवार, पाहुणे, सगळं भरलेलं. वर तो. अख्ख्या पंचक्रोशीचं मन कसं आहे हे त्याला माहीत असायचं, पण त्याचं कसं आहे हे पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. कुणाचा त्यात दोष नव्हता, विचारायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

वारूळवाडीची फुलाबाई त्याच्या दुकानात पहिल्यांदा आली ती सत्त्याण्णव सालच्या भाद्रपदात. अंगणवाडीत मदतनीस होती. तिचा नवरा चांगदेव गायन पार्टीत गायचा. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला पार्टीला पेठ, लोणी, पार घोडेगावापर्यंत बोलावणं असायचं, आणि चांगदेव खंजिरी घेऊन उभा राहिला की मागच्या रांगेत पत्ते कुटणारेसुद्धा पत्ते खाली ठेवायचे. कावीळ झाली आणि महिन्याभरात माणूस गेला. त्याला आता वर्ष होत होतं.

फुलाबाईनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली आणि काचेवर ठेवली.

"येकच हाय, शेठ," ती म्हणाली. "ह्यांचा आवाज हाय हिच्यात. हिची दुसरी करून द्या. परवा सांजच्याला पुण्यानुमोदनाचा कारेक्रम हाय, समद्यास्नी ऐकवायचीय."

खेमचंदनं पहिल्यांदाच कुणाला मन कसंय ते विचारलं नाही. "परवा सकाळी न्या," एवढंच म्हणाला.

आता खेमचंदच्या घरी तेव्हा पर्युषण चालू होतं आणि त्यानं त्या वर्षी अठाई धरली होती. आठ दिवस अन्न नाही, दिवसा उकळून गार केलेलं पाणी तेवढं. उद्या संवत्सरी, वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस, आज सातवा उपास. पानबाई वहिनी सकाळपासून कानीकपाळी ओरडत होत्या, "भावजी, स्थानकात महाराजांपुढं जाऊन बसा, कशाला त्या सिनेमाच्या गाण्यांत जाता?" पण फुलाबाईचं काम अंगावर घेतलेलं होतं. त्या एका कामासाठी तो दुपारी पुन्हा दुकानात आला. डोळ्यांपुढं मधूनच पिवळं पिवळं व्हायचं. स्टँडच्या मागं मंडळाच्या गणपतीचा कर्णा लागला होता.

त्याच्या यंत्राला दोन खण होते. डावीकडच्या खणातली कॅसेट वाजायची, उजवीकडच्या खणातली भरली जायची, तीही दुप्पट वेगानं. गिऱ्हाइकाची कॅसेट हातात आली की आधी तिच्या पाठीवरच्या दोन इवल्या पट्ट्या मोडायच्या, म्हणजे चुकूनसुद्धा तिच्यावर काही भरलं जात नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. त्या दिवशी तो नियम त्याच्या हातून राहिला. डावीकडं सकाळपासून एक निळ्या टिकलीची कॅसेट होतीच. ती काढून तिथं चांगदेवची घालायची होती आणि उजवीकडं कोरी. खेमचंदनं चांगदेवची कॅसेट उजवीकडं घातली, बटण दाबलं आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

पाव तासानं यंत्र खट्कन थांबलं. तपासायला म्हणून त्यानं कॅसेट लावली आणि खंजिरीऐवजी सिनेमातलं रडकं गाणं सुरू झालं. त्यानं पुढं फिरवलं, तरी सिनेमाच. अगदी शेवटपर्यंत सिनेमाच. बाजूची बाजू पुसली गेली होती.

त्यानं कॅसेट उलटी केली. दुसऱ्या बाजूवर चांगदेव जिवंत होता. ही बाजू कार्यक्रमातली नव्हती, घरातली होती, सराव करतानाची. खेमचंद दोनच मिनिटं ऐकत बसला. मग बटण बंद केलं, आणि त्याला भीती वाटायला लागली.

आता या ठिकाणी कुणीही म्हणेल, अरे, झालं ते झालं, एक बाजू वाचली आहे ना, बाईला सांग आणि पाया पड. मलाही तेच वाटतं. पण सात दिवसांच्या उपाशी डोक्यात काय शिरेल याचा नेम नसतो, आणि खेमचंदच्या डोक्यात दुकानाचं नाव शिरलं. खेमचंदकडं दिलेली कॅसेट पुसून आली, ती पण मेलेल्या माणसाच्या आवाजाची, ही गोष्ट वारूळवाडीतून पेठपर्यंत जायला दोन दिवस पुरले असते. फीत जुनी होती, आवाज उडाला, असं सांगितलं तर? पण मग एक बाजू उडालेली आणि दुसरी ठणठणीत कशी?

काहीही न जोडता भरायचं बटण दाबून ठेवलं की फीत कोरी होत जाते. पण हे काम घाईनं होत नाही, बाजू जेवढी लांब तेवढाच वेळ लागतो. खेमचंदनं आधी सिनेमाचं गाणं पुसलं. त्याला अर्धा तास लागला. मग कॅसेट उलटी करून घातली आणि पुन्हा बटण दाबलं. पुन्हा अर्धा तास. त्या अर्ध्या तासात तो कधीही हात पुढं करून थांबवू शकला असता, आणि त्यानं थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संवत्सरी. स्थानकात प्रतिक्रमणाला, म्हणजे वर्षभराच्या चुका कबूल करायला, तो सगळ्यांबरोबर बसला, सगळे पाठ म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी फुलाबाई आली.

"फीत झिजली होती," खेमचंद म्हणाला. तिच्याकडं बघणं त्याला जमलं नाही, तो कॅसेटकडं बघत बोलला. "जास्त वेळा ऐकली ना तुम्ही. ऐकून ऐकून आवाज उडून जातो. मी लावली तेव्हा काहीच उरलं नव्हतं."

फुलाबाईनं कॅसेट हातात घेतली. "रोज लावायची मी," ती हळूच म्हणाली. "दिसातनं चार-चार टायमाला. मला काय ठावं, शेठ."

ती वळली. आणि मग खेमचंदनं जे केलं ते त्या सकाळी तो प्रत्येक गिऱ्हाइकापुढं करत होता, त्याच्या बापजाद्यांपासून संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सगळेच करत आले होते. त्यानं हात जोडले. "फुलाबाई, मिच्छामि दुक्कडम्. वर्षभरात जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर माफ करा."

"तुमी काय केलं, शेठ?" ती म्हणाली. "केलं माफ."

ते दोन शब्द घेऊन खेमचंदनं एक वर्ष काढलं. पुढच्या वर्षी पुन्हा घेतले. अशी अकरा वर्षं गेली. दर भाद्रपदात तो हात जोडायचा, ती माफ करायची, आणि दर वेळी तो तिच्यासाठी एक कॅसेट भरून ठेवायचा, तिच्या मनाचा अंदाज घेऊन. अख्ख्या दुकानात एवढ्या जिवानं भरलेली दुसरी कॅसेट नसायची. ती घेऊन जायची. माडीवरच्या खोलीत पडल्या पडल्या तो मनाशी म्हणायचा, निदान आपली गाणी तरी तिच्या घरात वाजत असतील. त्याच्या त्या खोलीत एवढीच एक सोबत होती.

मधल्या काळात जग बदललं. कॅसेटी गेल्या, सीडी आली न आली तोच तीही गेली, आणि दुकान पीयूषच्या हातात आलं. त्यानं काचेवर मोबाइल मांडले, कोपऱ्यात कॉम्प्युटर ठेवला आणि 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी पाटी लावली. त्याच्या कॉम्प्युटरवर गाण्यांचे तीन फोल्डर होते, लव्ह, सॅड आणि डीजे. खेमचंद ते बघून आठवडाभर धुसफुसत होता.

"माणसाला तीनच मनं असतात का रे?" तो म्हणाला.

"काका, गिऱ्हाईक घाईत असतंय," पीयूष हसून म्हणाला. "कार्ड द्यायचं, भरून घ्यायचं, चालू पडायचं. मन कुठं विचारत बसता?"

तरी पण त्यानं काकांसाठी कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली, आणि साठी उलटलेला खेमचंद माउस धरायला शिकला. महिन्याभरात कॉम्प्युटरमध्ये बावीस फोल्डर झाले. पहाटेच्या धारा काढतानाचं, एसटी चुकल्यावरचं, परीक्षेचा निकाल लागायच्या आधीचं. पीयूष आधी कपाळाला हात लावायचा, मग गिऱ्हाइकं काकांनाच शोधत यायला लागली तेव्हा गप्प बसला.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात फुलाबाईचा मुलगा संघर्ष नाशिकहून आला आणि त्यानं दुकानातून आईसाठी फोन घेतला. तो तिकडं नोकरीला, बायको स्नेहाही नोकरीला, आई वारूळवाडीचं घर सोडायला तयार नाही. "काका, तिला जमंल असं काहीतरी करून द्या," तो म्हणाला. "तिला आकडे येत्यात, अक्षरं न्हाई."

खेमचंदनं तो फोन तीन दिवस ठेवून घेतला. फोनच्या कडेला गाण्याचं वेगळं बटण होतं. ते दाबलं की याद्या उघडत आणि आकडा दाबला की ती यादी सुरू होई. त्यानं चार याद्या केल्या. एकवर सकाळची कामं. दोनवर भीमगीतं, उभारी धरायची असेल तेव्हा. तीनवर बुद्धवंदना आणि शांत गाणी. चारवर मन भरून आल्यावरची. कडेच्या बटणावर जुन्या पाकिटातली एक निळी टिकली चिकटवली, म्हणजे बोट आपोआप तिथं जाईल. फुलाबाईला समोर बसवून त्यानं दहा वेळा करून दाखवलं. "आधी हे, मग आकडा. दोन दाबण्यांत गाणं. शोधायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. जसं मन असेल तसा आकडा."

"लई ग्वाड हाय," फुलाबाई म्हणाली, आणि खेमचंदला अकरा वर्षांत प्रथमच जरा हलकं वाटलं.

श्रावण संपत आला तेव्हा ती रिचार्ज मारायला आली. फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून आणला होता. खेमचंदनं विचारलं, "मग? कुठला आकडा जास्त लागतो?"

फुलाबाई ओशाळली. "संघर्षचा फोन येतो, त्यो घेती," ती म्हणाली. "गानी न्हाई लावत, शेठ."

"का? जमत नाही?"

"जमतंय की. पर झिजत्यात न्हवं."

पीयूष खळखळून हसला. "मावशी, मेमरी कार्ड झिजत नाय ओ! हजार वेळा लावा."

"आसं कसं?" फुलाबाई शांतपणे म्हणाली. "तुज्या काकांनीच सांगितलंय मला. लई ऐकलं का आवाज उडून जातो. आमच्या मालकांचा आवाज मीच ऐकून ऐकून संपवला, बाबा. चार-चार टायमाला लावायची येड्यावानी. जरा दम धरला आसता तर आज संघर्षच्या लेकरांनी आजा ऐकला आसता." मग खेमचंदकडं वळून, त्याला वाईट वाटू नये म्हणून ती घाईनं म्हणाली, "तुमच्या कॅसेटी हायेत हां समद्या. एकेक डाव ऐकल्या आन् पेटीत ठिवल्या. चांगल्या हायेत, येक बी झिजू दिली न्हाई."

पीयूषनं काकांकडं बघितलं. काका बिलाच्या पुस्तकात काहीतरी शोधत होते.

त्या दिवसापासून खेमचंदला जेवण जाईना. आपण एका बाईचा नवरा दुसऱ्यांदा हिरावून घेतला हे त्याला माहीत होतं, ते ओझं त्यानं कसंबसं अंगवळणी पाडून घेतलं होतं. पण आपल्या एका वाक्यानं ती अकरा वर्षं स्वतःला खुनी समजत आली, आवडलेलं कुठलंही गाणं दुसऱ्यांदा ऐकायला घाबरत आली, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि आपण मात्र दर वर्षी तिच्यापुढं हात जोडून, आतलं काही न सांगता, माफी घेऊन मोकळे होत होतो. खेमचंदला स्वतःची किळस आली. माडीवरच्या खोलीत त्याला आता कुठल्याच गाण्याची सोबत उरली नाही.

संवत्सरी आली, गेली. दुसऱ्या दिवशी घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ लागली होती, सगळे हात जोडत होते. खेमचंद मागच्या दारानं निघाला आणि चालत वारूळवाडीला गेला.

फुलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून ती उठलीच. "शेठ? तुमी कशापायी आला उनाचं? माफीच ना? मी दुकानात यिऊन दिली आसती की."

तिनं पाण्याचा तांब्या आणला. खेमचंदनं तो हातात धरला आणि प्यायला नाही.

"यंदा तशी नको," तो म्हणाला. "आधी ऐका, मग बघा द्यायची का."

मग त्यानं सांगितलं. सातवा उपास, दोन खण, डावीकडची कॅसेट, उजवीकडची कॅसेट. तो जमिनीकडं बघत बोलत होता. "फीत झिजली नव्हती, फुलाबाई. माझ्या हातून पुसली गेली. तुम्ही ऐकल्यानं काही झालं नाही. अजून दहा वर्षं रोज ऐकली असती तरी आवाज राहिला असता."

ऐकता ऐकता ती पुन्हा ताटाशी बसली होती. ताटातले तांदूळ तिच्या बोटांत तसेच राहिले.

"मंजी माज्यानं न्हाई गेला?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरं सांगताय?"

"खरं सांगतोय."

फुलाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. अकरा वर्षं साठलेलं रडणं होतं, ते काही चटकन आटपणारं नव्हतं. खेमचंद तांब्या धरून उभा राहिला. शेवटी तिनं डोळे पुसले.

"सात दिस प्वाटात अन्न न्हवतं तुमच्या," ती म्हणाली. "आन् माजंच काम कराया आलता. हुती मानसाकडनं भूल. तवाच सांगायचं व्हतं, शेठ. पर जाऊ द्या. केलं माफ. मनापासनं केलं."

खेमचंदनं हात जोडले. जे मागायला आला होता ते मिळालं होतं, तेही खरंखुरं. त्यानं तांब्या ठेवला, ओट्यावरून उतरला, एका पायात चप्पल घातली. दुसरी घालायला पाय पुढं केला आणि तो तसाच थांबला. आता गेला असता तर जन्मभर सुखानं झोपला असता, आणि ते त्याला पुरतं कळत होतं.

"फुलाबाई," तो म्हणाला, "भूल एका बाजूची होती."

"मंजी?"

"कॅसेटला दोन बाजू असतात. उपासाच्या गुंगीत पुसली ती एक. दुसरीवर चांगदेवांचा आवाज तसाच होता. मी तो ऐकला. मग माझं नाव खराब होईल म्हणून तीही पुसली."

"चुकून?"

"नाही. मुद्दाम."

फुलाबाईनं ताट बाजूला सरकवलं. "किती येळ लागला पुसाया?"

"अर्धा तास."

"आन् तुमी बसून व्हता?"

"बसून होतो."

मग फुलाबाई बोलली तेव्हा तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मगाशी दिलेली माफी मी माघारी घेती," ती म्हणाली. "आन् आदीच्या अकरा वर्सांची बी. समद्या."

खेमचंदनं मान हलवली. त्याला दुसरं काही अपेक्षितच नव्हतं. दुसरी चप्पल पायात सरकवून तो दोन पावलं गेलाही.

"थांबा," ती म्हणाली. "काय ऐकलं तुमी?"

"अं?"

"पुसायच्या आदी ऐकलं म्हनता. काय ऐकलं त्ये सांगा."

खेमचंद मागं वळला. दोनच मिनिटं ऐकलं होतं, पण ती दोन मिनिटं त्यानं अकरा वर्षांत किती वेळा आतल्या आत ऐकली होती याला गणती नव्हती. "आधी खंजिरी," तो म्हणाला. "नुसती, हळू. मग ते गुणगुणतात, शब्द नाहीत. मग खोकला येतो. मग म्हणतात, फुले, पाणी आण गं, घसा सुकला."

"फुले म्हनाले? का फुला?"

"फुले."

फुलाबाईनं डोळे मिटले. "इसरले व्हते मी," ती म्हणाली. "लई दिस आटवत व्हते, फुले म्हनायचे का फुला. कुनाला इचारनार? मंग म्होरं?"

"मग तुम्ही हसता. लांबून, आतल्या घरातून. म्हणता, आधी गाणं तर पुरं करा. मग तेही हसतात, आणि खंजिरी जोरात वाजवतात. तिथं मी बंद केलं."

फुलाबाई ओट्यावर तशीच बसून राहिली, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. आता ती आपल्याला जा म्हणेल असं खेमचंदला वाटलं.

"माफ न्हाई करनार मी तुमाला," ती म्हणाली. "परत सांगा."

खेमचंदनं चपला काढल्या, खाली बसला आणि खंजिरीपासून सांगायला सुरुवात केली.